वाचायचे एका भाषेत, सांगायचे कोणत्या? घरच्या अभ्यासक्रमाविषयी

मे महिन्यात वडोदऱ्याला दुपारी घराबाहेर पडवत नाही. त्या दुपारी मी एक दोनशे पानी वही घेऊन बसते आणि लेकीच्या पुढच्या वर्षाच्या भाषा-साहित्याचा आराखडा आखते. छत्तीस आठवडे, बारा-बारा आठवड्यांची तीन सत्रे, आठवड्याचे चार दिवस. उभ्या रेघा, आडव्या रेघा, आणि चौकटीचौकटीत पुस्तकांची नावे. चौथीनंतर तिला शाळेतून काढले, त्याला आता दोन वर्षे झाली. शाळेने आम्हाला बोलावून सांगितले होते की मुलगी भाषांची सरमिसळ करते, तेव्हा घरी फक्त इंग्रजी बोलत जा. घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि पुस्तकांत इंग्रजी असलेल्या मुलीने दुसरे काय करावे, हे त्यांनी सांगितले नाही. मी अनुवादक आहे. माझे पोट चालते तेच मुळी एका भाषेतले दुसरीत नेण्यावर. त्या सल्ल्याने मला राग आला त्यापेक्षा भीती जास्त वाटली.

ज्या शहरात बसून मी हे करते, त्याचा इतिहास मला अधूनमधून टोचतो. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. आज मला दंड करायला कोणी येत नाही. २००९चा शिक्षणहक्क कायदा घरी शिकवण्याबद्दल काही बोलत नाही, आणि पुढे परीक्षा द्यायची झाली तर मुक्त विद्यालयाची वाट आहे. पण सयाजीरावांची सक्ती ज्यांच्यासाठी होती आणि ज्यांच्या वाट्याला शाळा इतक्या उशिरा आली, त्यांची आठवण ठेवूनच शाळा सोडण्याबद्दल बोलले पाहिजे, असे मला वाटते. या लेखात ती आठवण पुन्हा येईल.

मात्र लेखाचा विषय कायदा नाही. विषय आहे वर्षाची वाचनयादी. तुलनात्मक साहित्याची विद्यार्थिनी असताना अभिजात कोणाला म्हणावे, ते कोण ठरवते, यावर आम्ही तावातावाने भांडत असू. आता मी स्वतःच ते ठरवते, छत्तीस चौकटींत, आणि माझ्या सगळ्या निवाड्यांना वाचक एकच. घरी शिकवणाऱ्या आईबापांची यादी ही समीक्षाच असते. ती छापून येत नाही, तिच्यावर कोणी उलट लिहीत नाही, आणि तिचे परिणाम मात्र एका माणसाला जन्मभर पुरतात. म्हणून तिची समीक्षा व्हायला हवी.

*

या कामाला हात घालणाऱ्याच्या पुढ्यात पहिल्यांदा येतात ती इंग्रजी पुस्तके. त्यांत ‘लँग्वेज आर्ट्स’ असा शब्द भेटतो. अमेरिकी शाळांतून आलेला हा शब्द मला अजून मराठीत आणता आलेला नाही. ‘भाषाकला’ म्हटले की वक्तृत्वस्पर्धा आठवते. आपल्याकडे विषयाचे नाव नुसते ‘भाषा’, आणि त्याखाली श्रवण, भाषण, वाचन, लेखन अशी चार कौशल्ये. तिकडच्या शब्दाखाली अक्षरओळख, स्पेलिंग, हस्ताक्षर, व्याकरण, निबंध आणि साहित्य असे वेगवेगळे कप्पे येतात, प्रत्येकाचे वेगळे पुस्तक, वेगळी वेळ. या कप्प्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती कुठेच लिहिलेली नसते: भाषा एकच आहे.

दोन आराखड्यांचा माझ्यावर खरा परिणाम झाला. पहिला शार्लट मेसन यांचा. १८४२ ते १९२३ हा त्यांचा काळ. ‘होम एज्युकेशन’ हे त्यांचे पुस्तक १८८६चे, आणि इंग्लंडमधल्या अँबलसाइड या गावी त्यांनी शिकवणाऱ्या बायका घडवल्या. मुलांना पातळ केलेली, सोपी करून बेचव झालेली पुस्तके देऊ नका, जिवंत पुस्तके द्या, हे त्यांचे म्हणणे. एकदाच वाचायचे आणि मग पुस्तक मिटून मुलाने आपल्या शब्दांत ते सांगायचे, ही त्यांची पद्धत. प्रश्नोत्तरे नाहीत, रिकाम्या जागा नाहीत. मूल सांगताना काय ठेवते, काय गाळते, कुठे थांबते, यातच त्याचे वाचन दिसते. इतकी साधी आणि इतकी खोल कल्पना शिक्षणशास्त्राच्या जाड पुस्तकांत मला क्वचित सापडली.

दुसरा आराखडा जेसी वाइज आणि सुझन वाइज बाउर या मायलेकींचा, १९९९ साली आलेल्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ या पुस्तकातला. डोरोथी सेयर्स यांनी १९४७ साली एका भाषणात मध्ययुगीन युरोपातल्या व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन विद्यांची पुन्हा आठवण करून दिली होती. त्यावर हा आराखडा उभा आहे. प्राचीन, मध्ययुगीन, प्रबोधनानंतरचा आणि आधुनिक असे काळाचे चार टप्पे, चार वर्षांत एक फेरा, आणि बारा वर्षांत तीन फेरे. साहित्य इतिहासाच्या मागून चालते. याची शिस्त मला मोह घालते. वहीत रेघा मारणाऱ्या माणसाला असा फेरा आवडणारच.

पण हे आराखडे आमच्या घरात आणले की दोन्ही एकाच जागी अडतात. मेसनबाईंची मुले ज्या भाषेत ऐकतात त्याच भाषेत सांगतात. फ्रेंच शिकतात, पण परकी भाषा म्हणून, वेगळ्या तासाला. आणि काळाच्या फेऱ्यात प्रत्येक पुस्तकाला जन्मतारीख असते, प्रवास नसतो. अनुवाद ही तिथे एक सोय आहे. मूळ ग्रीक वाचता येत नाही म्हणून घ्यायची काठी. माझ्या लेकीच्या कानावर आलेल्या जवळपास सगळ्या गोष्टी अनुवादातून आल्या आहेत, आणि ती रोज सकाळी दूधवाल्यापासून रात्री आजीच्या फोनपर्यंत अनुवादच करत असते. जे तिचे रोजचे जगणे आहे, तेच अभ्यासक्रमात नाही.

*

हे मला पंचतंत्रापाशी नीट कळले. पंचतंत्र आपण गोष्टींचे पुस्तक म्हणून वाचतो. ते आधी एक अभ्यासक्रम आहे, आणि तोही घरच्या शिक्षणाचा. राजा अमरशक्तीची तीन मुले अभ्यासात मंद. मंत्री त्याला नेहमीचा क्रम सांगतात: व्याकरणालाच बारा वर्षे, मग धर्मशास्त्र, अर्थशास्त्र, कामशास्त्र. आयुष्य संपेल पण यादी संपणार नाही. मग ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा येतो, विद्या विकणार नाही म्हणतो, आणि सहा महिन्यांची मुदत घेतो. त्याची पाच तंत्रे म्हणजे पाच घटक. पण घटकांची मांडणी यादीसारखी नाही. एक गोष्ट अर्ध्यावर थांबते, एक पात्र दुसऱ्या गोष्टीचा नुसता उल्लेख करते, आणि ऐकणारा विचारतो, ते कसे? तो विचारेपर्यंत पुढची गोष्ट सुरूच होत नाही. सहा महिन्यांच्या या अभ्यासक्रमाचे इंधन ऐकणाऱ्याचा प्रश्न आहे.

काळाच्या फेऱ्यात हे पुस्तक ‘प्राचीन’ या चौकटीत बसवून मोकळे होता येते. पण ते त्या चौकटीत बसून राहिलेले नाही. सहाव्या शतकात ते इराणात पहलवीत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत नेले, आणि तिथून ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते जगभर फिरले. १६७८ साली ला फोंतेनने आपल्या दंतकथांच्या दुसऱ्या संग्रहात पिल्पे या भारतीय ज्ञान्याचे ऋण मान्य केले. इकडे मराठीत मुलांसाठी छापील गोष्टी आल्या त्या इसापच्या, आणि त्याही महाराष्ट्राबाहेर. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या कथांचे मराठी भाषांतर छापले गेले. म्हणजे तमिळ मुलखात, मराठी राजाच्या दरबारी, ग्रीक नावाच्या गोष्टी मराठी मुलांसाठी. घराबाहेरच्या मराठीची ही वंशावळ मी लेकीला पहिल्या सत्रात नकाशावर काढून दाखवली. सयाजीरावांच्या शहरातल्या मराठी मुलीला सरफोजींच्या शहरातली मराठी परकी वाटली नाही.

पंचतंत्रात एक उणीव मात्र आहे. राजपुत्र शहाणे झाले एवढेच आपल्याला सांगितले जाते. ते काय बोलले, हे कळत नाही. त्यांनी गोष्टी परत सांगितल्या का? सांगताना कोणते पात्र गाळले? विष्णुशर्म्याला कधी कंटाळलेले ‘हं’ ऐकावे लागले का?

ते ऐकायचे असेल तर गिजुभाई बधेकांचे ‘दिवास्वप्न’ वाचावे. आमच्या घरापासून काही तासांवरच्या भावनगरचे हे गुजराती पुस्तक मी दर मे महिन्यात पुन्हा काढते. एक शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो, त्या वर्षाची ही कहाणी आहे. तिचा पहिला मोठा प्रसंग हा पराभवाचा आहे. शिक्षक ठरवून आलेला शांततेचा खेळ मांडतो आणि वर्ग गोंधळ घालून तो उधळून लावतो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्टी सांगू लागतो, आणि मग वर्ष सुरू होते. अभ्यासक्रमावरच्या पुस्तकांत लेखकाने स्वतःचा आराखडा पहिल्याच दिवशी फसल्याचे सांगणे दुर्मीळ आहे. १९२०च्या दशकात ताराबाई मोडक भावनगरला गेल्या आणि गिजुभाईंबरोबर त्यांनी काम केले. तिथले बालशिक्षण पुढे मराठीत आले ते त्यांच्या हातून. गुजराती आणि मराठी यांच्यात मुलांच्या शिक्षणाचा हा जुना रस्ता आहे. मी त्याच रस्त्यावर राहते आणि तरीही आधी अँबलसाइडला गेले, याची मला थोडी लाज वाटते.

*

माझा पहिला आराखडाही फसला, तो असा. चाळीस पुस्तके, त्यांतली तीस मराठी. मेसनबाईंची पद्धत मी जशीच्या तशी घेतली: मी वाचायचे, लेकीने सांगायचे. एकच नियम माझा: सांगायचे मराठीत. तिची मराठी टिकावी एवढाच हेतू, असे मी स्वतःला सांगत होते. खरे म्हणजे मी मराठीत जे अनुवाद करते ते माझी मुलगी कधी वाचणार नाही, ही भीती त्या नियमाखाली होती. दिवाळीपर्यंत तिचे सांगणे एका वाक्यावर आले. ‘छान होती गोष्ट.’ जी मुलगी जिन्यात शेजारच्या मुलांना तासभर सिनेमा सांगते, तिला घरात गोष्ट सांगता येईना.

ऐकणे आणि सांगणे यांच्यामध्ये मी पहारा बसवला होता. तिच्या शाळेने इंग्रजीचा बसवला होता, मी मराठीचा. नियम काढून टाकला तेव्हा ती काय सांगू लागली आणि मला त्यात काय ऐकू आले, ते ‘श्यामची आई’च्या वेळी कळले.

साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. घरी शिकवणाऱ्या मराठी आईला या पुस्तकासारखा मोह नाही आणि यासारखा धाकही नाही. शाळेबाहेर, विहिरीवर, अंगणात, स्वयंपाकघरात मूल घडवणारी आई. माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत ते भेट म्हणून दिले जाते, आणि देणाऱ्याची नजर मुलापेक्षा आईकडेच जास्त असते. पण पुस्तकाची रचना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. आईने कुठलाही अभ्यासक्रम आखलेला नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री. आईने जे केले ते प्रसंग होते. त्यांना क्रम आला, अर्थ आला, तो श्यामने ते सांगितले तेव्हा. मेसनबाई ज्याला शिकणे म्हणतात ते इथे वीसेक वर्षांनी घडते आहे. म्हणून या पुस्तकाकडे आदर्श आईचे चरित्र म्हणून न पाहता एका मुलाचे उशिरा केलेले कथन म्हणून पाहावे, असे माझे मत आहे. तसे पाहिले की त्यातले मौन आणि अडखळणेही वाचता येते.

दुसऱ्या सत्रात बारा आठवड्यांचे अठ्ठेचाळीस दिवस. बेचाळीस रात्री, आणि हाती सहा दिवस उरतात. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्रीपाशी आम्ही अडलो. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी पडते, ती कोणी उचलून देत नाही. श्यामची आई त्याला जाऊन मोळी उचलून द्यायला सांगते. आणि घरी येऊन अंघोळ कर, असेही सांगते. पुस्तकाच्या काळात पहिली गोष्ट धाडसाची होती आणि दुसरी रीतीची. आज दुसरी गोष्ट घशात अडकते. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या त्या अंघोळीच्या बाजूचे. मी ते वाचून दाखवले, काही बोलले नाही.

संध्याकाळी लेक जिन्यात शेजारच्या मुलीला तीच गोष्ट गुजरातीत सांगत होती. मोळी होती, म्हातारी होती, लोकांची बोलणी होती. अंघोळ नव्हती. रात्री मी विचारले, ‘ते का गाळलंस?’ ती म्हणाली, ‘तो आई खराब लागे ने!’ तसे सांगितले तर आई वाईट दिसते.

हा अनुवादकाचा निर्णय होता. आम्ही अनुवादक हे करतो, आणि करतो तेव्हा त्याला वाचकाची सोय म्हणतो. मूळ लेखकाला, मूळ समाजाला, आपल्याच माणसांना नव्या भाषेच्या अंगणात नेताना त्यांचे कपडे नीट करतो. माझ्या लेकीने ते मराठीत सांगताना कदाचित केले नसते, कारण मराठीत तिच्यासमोर मी होते आणि मला सगळे ठाऊक होते. गुजरातीत नेताना तिला पहिल्यांदा जाणवले की या आईचे आपण कोणीतरी लागतो. एका भाषेत ऐकून दुसरीत सांगताना जे गळते, त्यात वाचकाचे वाचन सर्वांत स्पष्ट दिसते. माझ्या पहिल्या नियमाने हेच बंद करून ठेवले होते.

*

उरलेल्या सहा दिवसांत काय वाचायचे, हे त्या रात्री ठरले. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. ‘श्यामची आई’ आणि हे छोटे आत्मकथन एकाच दशकातले, तीसच्या. दोन्ही लेखक मराठी, दोन्हींत मराठी मुलुखातले बालपण. तरी आपल्या याद्यांत ही दोन पुस्तके एका पानावर क्वचितच येतात. एक ‘संस्कार’ या कप्प्यात जाते आणि दुसरे ‘समाजशास्त्र’ किंवा ‘मोठे झाल्यावर’ या कप्प्यात. मुलांसाठी नाही असे त्यात काय आहे? त्याचा पहिला प्रसंग मुलांचाच आहे.

१९०१ साली नऊ वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून आगगाडीने वडिलांकडे निघतात. मसूर स्टेशनवर त्यांना न्यायला कोणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने विचारपूस करतो आणि मुले महार आहेत हे कळताच मागे सरतो. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही मुलांबरोबर बसायला तयार नाहीत. गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार, असे ठरते. रात्र पडते. डबा आहे, पाणी नाही. टोलनाक्यावर पाणी मिळावे म्हणून गाडीवानाच्या सल्ल्यावरून मुलगा आपण मुसलमान असल्याचे सांगतो, आणि शंका येऊ नये म्हणून उर्दूत बोलतो. पाणी मिळत नाही.

भाषेच्या अभ्यासक्रमावर मी आजवर जे वाचले, त्यात इतका मोठा धडा मला मिळाला नाही. नऊ वर्षांचे मूल तहान भागावी म्हणून भाषा बदलते. त्याला ती भाषा उत्तम येते. श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चारही कौशल्यांत ते पूर्ण उतरते, आणि तरी पाणी मिळत नाही. भाषा येणे आणि भाषेने दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासक्रम पहिलीबद्दल बोलतात.

लेकीने वाचून झाल्यावर विचारले, ‘श्यामच्या आईनं या मुलांना पाणी दिलं असतं का?’ मी गप्प राहिले. मला उत्तर माहीत नव्हते. तुलनात्मक साहित्याच्या दोन वर्षांत मला कोणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. दोन पुस्तके शेजारी ठेवायची ती यासाठी. एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारता यावा म्हणून. काळाच्या फेऱ्यातून हा प्रश्न निघाला नसता, आणि जिवंत पुस्तकांच्या यादीतूनही आपोआप निघाला नसता.

त्याच आत्मकथनात पुढे बडोदा येते. परदेशात शिकून आलेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळत नाही. पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन राहतात. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेले लोक येऊन त्यांना बाहेर काढतात. मुंबईची गाडी रात्रीची. मधले तास ते कमाठी बागेत बसून काढतात. ती कमाठी बाग म्हणजे आजची सयाजीबाग. माझी लेक तिथे सायकल शिकली. ज्या राजाने शाळा सक्तीची केली आणि ज्याच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर परदेशी शिकले, त्याच राजाच्या शहरात त्यांना डोके टेकायला जागा नव्हती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकाच बागेत आहेत. तिथे जाऊन आम्ही फार बोललो नाही. तिने विचारले ते एवढेच, की ते कुठल्या बाजूला बसले असतील. मग आम्ही शेंगदाणे घेतले.

*

या वर्षी व्याकरणाचे वेगळे पुस्तक नव्हते. जे करायचे ते तिच्या अनुवादातून. आंबेडकरांनी हे इंग्रजीत लिहिले, मुख्यतः परदेशी वाचकाला कळावे म्हणून. मराठी भाषांतरे आम्ही मुद्दाम बाजूला ठेवली आणि टोलनाक्याच्या प्रसंगाची दोन पाने लेकीने स्वतः मराठीत आणायची असे ठरले. इंग्रजी सोपे आहे, वाक्ये छोटी आहेत. अडचण आली ती ‘वी’ या सर्वांत सोप्या शब्दाशी.

मराठीत ‘वी’ला दोन शब्द आहेत. ऐकणारा धरून ‘आपण’, ऐकणारा सोडून ‘आम्ही’. गुजरातीतही तसेच, ‘आपणे’ आणि ‘अमे’. इंग्रजीला हा भेद करावा लागत नाही. अनुवादकाला करावाच लागतो, आणि तो करताना ठरवावे लागते की वाचक कुठे उभा आहे. लेकीने पहिल्या ओळीपासून लिहिले होते, ‘आपण’. आपण गाडीत बसलो, आपल्याला तहान लागली.

लाल पेन माझ्या हातात होते. चूक तर होतीच. पण ही चूक कशी झाली ते मला दिसत होते. तिला त्या गाडीत बसायचे होते. अंघोळ गाळणारी मुलगी आता पाण्याविना असलेल्या मुलांच्या बाजूला जाऊन बसली होती. हे कौतुकाचे वाटून सोडून द्यावे, असे क्षणभर मनात आले. मग मी तिला दोन्ही वाक्ये मोठ्याने वाचायला लावली आणि विचारले, ‘ते कोणाशी बोलतायत?’ ती थोडा वेळ पाहत राहिली, खोडरबर घेतले आणि ‘आम्ही’ लिहिले.

‘पण आम्ही म्हटलं तर मी त्यात नाही.’

‘नाहीस.’

तिला ते आवडले नाही. मलाही आवडले नाही. पण ते तसे आहे, आणि भाषेने ते दोन अक्षरांत सांगितले. पुस्तके मुलांना दुसऱ्याच्या जागी उभे करतात, असे वाचनाच्या बाजूने नेहमी म्हटले जाते. कधीकधी पुस्तकाने आपल्याला आपल्याच जागी उभे करणे जास्त महत्त्वाचे असते.

*

तिसऱ्या सत्रात हलके वाचन होते. विंदांचा ‘एटू लोकांचा देश’, सुकुमार रायांच्या बंगालीतल्या गमतीजमती मी ऐकवलेल्या, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आणि त्यांचाच फुरसुंगीचा फास्टर फेणे. त्याबद्दल पुन्हा कधी. एवढे नोंदवते की निरर्थक कविता एका भाषेतून दुसरीत नेताना ती जितकी हसली आणि भांडली, तितकी व्याकरणाच्या कुठल्याही पाठाने तिला भाषेशी झटायला लावले नसते.

माझ्या या निरीक्षणांना मर्यादा आहेत. एक मूल, एक घर, घरी बसून काम करणारी आई, आणि घरात आधीच असलेली पुस्तके. चाळीस मुलांच्या वर्गाला मी काय सांगणार? तरी एक गोष्ट सांगता येईल असे वाटते. त्या चाळीस मुलांच्या घरीही एकच भाषा नसते. कुणी अहिराणीत, कुणी भिलीत, कुणी दखनीत ऐकून शाळेत मराठी किंवा इंग्रजी बोलत असते. आपण त्यांना विचारतो, धडा समजला का? त्यांना असे विचारून पाहावे: हा धडा घरी आजीला सांगितलास तर कसा सांगशील, आणि काय गाळशील?

नव्या वर्षाची वही माझ्यासमोर उघडी आहे. छत्तीस चौकटी आखून झाल्या आहेत. पहिल्या सत्राची पुस्तके मी भरली आहेत, पेन्सिलीने. एक स्तंभ या वर्षी नवा आहे. पुस्तकाच्या नावाशेजारी मी ‘भाषा’ असे लिहीत असे, त्याचे आता दोन भाग केले आहेत: ‘ऐकण्याची’ आणि ‘सांगण्याची’. दुसरा भाग रिकामा ठेवला आहे. तो लेकीने भरायचा आहे, पुस्तक वाचून झाल्यावर.